ठाण्यासाठी १९ अंशांची तबकडी: ॲस्ट्रोलेब कसा चालतो

ॲस्ट्रोलेब, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढायचं जुनं पितळी यंत्र, समोर आला की पहिल्यांदा विचारावं, हा कुठल्या गावासाठी बनवलाय? दिल्लीसाठी कोरलेला ॲस्ट्रोलेब ठाण्यात आणला तर तो वेळ दाखवेल, पण चुकीची दाखवेल. दिल्ली साधारण २८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, ठाणं १९.२ अंशांवर. एवढ्या फरकाने आकाश कलतं, तारे उगवण्या-मावळण्याच्या वेळा बदलतात, ध्रुवतारा खाली येतो. म्हणून जुने कारागीर एकाच यंत्रात चार-सहा वेगवेगळ्या तबकड्या घालून देत, आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे अक्षांश कोरलेले असत. मालक दुसऱ्या शहरात गेला की खिळा काढून त्या शहराची तबकडी वर घ्यायची.

या यंत्राला 'प्राचीन काळचा जीपीएस' म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही, कारण प्रकार नेमका उलटा आहे. जीपीएस तुम्हाला सांगतो की तुम्ही कुठे आहात. ॲस्ट्रोलेबला तुम्ही कुठे आहात ते आधी सांगावं लागतं, मग तो वेळ सांगतो. समुद्रावरच्या खलाशांकडे त्याच नावाचं जे यंत्र होतं ते निराळं. त्याच्याकडे पुढे येऊ, कारण सगळा गोंधळ या दोन यंत्रांच्या सरमिसळीतून झालेला आहे.

आधी यंत्र कसं दिसतं ते पाहू. तळहाताएवढी, कधी ताटाएवढी जाड पितळी चकती. तिला उंच कड, आणि त्या कडेवर चोवीस तासांच्या खुणा. आतल्या खोलगट भागात गावाची तबकडी बसते. तिच्यावर एक कोरीव जाळी असते, जी मधल्या खिळ्याभोवती फिरते. जाळीच्या नक्षीतून बारीक टोकं बाहेर आलेली असतात. प्रत्येक टोक म्हणजे एक तारा. जाळीवर मध्यबिंदूपासून सरकलेलं एक वर्तुळ असतं, त्याच्यावर बारा राशी. सूर्य वर्षभर ज्या वाटेने फिरताना दिसतो ते हे क्रांतिवृत्त. यंत्राच्या पाठीमागे कडेने अंशांच्या खुणा आणि मधोमध फिरणारी एक पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना भोक असलेले छोटे उभे तुकडे. वर टांगण्यासाठी कडी. तबकडी म्हणजे आपलं गाव, जाळी म्हणजे आकाश. गाव जागेवर राहतं, आकाश त्याच्यावरून फिरतं.

आता खरी करामत. आकाश आपल्याला घुमटासारखं गोल दिसतं. ते सपाट पत्र्यावर उतरवायचं कसं? गॅलरीत एक अगदी गोल आकाशकंदील टांगलाय असं समजा. त्याला ताऱ्यांच्या जागी बारीक भोकं पाडली आहेत, आणि बल्ब मधोमध न लावता अगदी तळाशी, म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या जागी लावलाय. वर छताला कागद चिकटवला आहे. बल्बचा उजेड भोकांतून जाऊन कागदावर ठिपके पाडेल. ध्रुवताऱ्याचं भोक अगदी वर, त्यामुळे त्याचा ठिपका चित्राच्या मध्यावर. विषुववृत्तावरचे तारे त्याच्याभोवती एका वर्तुळावर. त्याच्याही दक्षिणेचे तारे आणखी लांब फेकले जातील. म्हणूनच ॲस्ट्रोलेबची कड मकरवृत्तावर संपवतात. त्याच्यापलीकडचं आकाश घ्यायचं म्हटलं तर पत्रा फार मोठा होईल.

ही प्रक्षेपणाची रीत निवडण्यामागे गणिताचं पक्कं कारण आहे. गोलावरचं प्रत्येक वर्तुळ या रीतीने कागदावरही वर्तुळच उतरतं, लंबवर्तुळ होत नाही. अपवाद फक्त बल्बच्याच जागेतून जाणाऱ्या वर्तुळांचा, ती सरळ रेषा होतात. क्षितिज हे आकाशावरचं एक वर्तुळ. क्षितिजापासून १० अंश उंचीवरच्या सगळ्या जागा जोडल्या की आणखी एक वर्तुळ. सूर्याची वाटही वर्तुळच. म्हणजे अख्खं यंत्र कंपास आणि पट्टीने आखता येतं. लंबवर्तुळं कोरत बसायची वेळ आली असती तर हे यंत्र हजारभर वर्षं टिकलं नसतं, असं मला वाटतं.

ठाण्याची तबकडी आखून बघितली की ही गंमत जास्त कळते. विषुववृत्ताची त्रिज्या ६.५ सेंमी घेतली तर कर्कवृत्ताची ४.३ आणि मकरवृत्ताची ९.९ सेंमी येते. ए-फोर कागदावर हे बरोबर मावतं. ठाण्याचं क्षितिज मात्र कागदाबाहेर पळतं. त्या वर्तुळाची त्रिज्या १९.८ सेंमी, आणि केंद्र मध्यबिंदूपासून १८.७ सेंमी दूर. त्यासाठी दोन कागद जोडून, दोरीला पेन्सिल बांधून कंस काढावा लागतो. लंडनच्या अक्षांशासाठी याच मापात त्रिज्या फक्त ८.३ सेंमी येते. विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं तितकं तबकडीवरचं क्षितिज सरळ रेषेकडे झुकतं.

ठाण्याचं क्षितिज तबकडीच्या मध्यबिंदूला १.१ सेंमीवर चाटून जातं. या १.१ सेंमीच्या वर्तुळात जे तारे येतात तेच ठाण्यात कधी मावळत नाहीत. सप्तर्षी त्यात येत नाहीत, म्हणून आपल्याकडे सप्तर्षी उगवतात आणि मावळतात. लंडनमध्ये ते रात्रभर, वर्षभर क्षितिजाच्या वर असतात. 'सप्तर्षी कायम ध्रुवाभोवती फिरताना दिसतात' असं वाचून मग ऑक्टोबरच्या संध्याकाळी येऊरच्या बाजूला शोधत बसणाऱ्यांनी ही तबकडी एकदा जाळीखाली फिरवून पाहावी. तारे क्षितिजाच्या रेषेखाली सरकताना डोळ्यांसमोर दिसतात.

आता वापरून पाहू. तारीख २० जानेवारी, जागा घोडबंदर रोडवरच्या एखाद्या इमारतीची गच्ची. आग्नेयेला व्याध झळकतोय. यंत्र अंगठ्याला अडकवून लोंबकळत सोडायचं, मागची पट्टी फिरवत दोन्ही भोकांतून व्याध दिसेपर्यंत जुळवायची आणि कडेवरचा आकडा वाचायचा. समजा ४० अंश आले. यंत्र पलटायचं. ठाण्याच्या तबकडीवर पूर्वेच्या बाजूला ४० अंश उंचीचं वर्तुळ शोधायचं आणि जाळी फिरवून व्याधाचं टोक नेमकं त्यावर आणायचं. एवढं केलं की त्या क्षणीचं सगळं आकाश जागेवर आलं. व्याध जुळला म्हणजे रोहिणी जुळली, पुनर्वसू जुळला, क्षितिजाखाली गेलेला सूर्यसुद्धा जुळला. सूर्य त्या दिवशी क्रांतिवृत्तावर कुठे असतो ते माहीत असतं, सायन (म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या) कुंभेत नुकताच शिरलेला. त्या बिंदूवर सरळपट्टी ठेवली की तिचं टोक कडेवरचा तास दाखवतं. इथे उत्तर येतं रात्रीचे ८ वाजून १२ मिनिटं.

मोबाईलमध्ये मात्र तेव्हा ९ वाजून १ मिनिट झालेलं असेल. यात यंत्राचा दोष नाही. ते ठाण्याच्या सूर्याची वेळ सांगतंय आणि मोबाईल सांगतोय ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे आपल्या पूर्वेला खूप लांबच्या सूर्याची. ठाण्याचा रेखांश ७३ अंशांच्या किंचित आत. साडेनऊ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३८ मिनिटं. उरलेली ११ मिनिटं पृथ्वीच्या कक्षेची आणि तिच्या कललेल्या आसाची. त्यांच्यामुळे सूर्य वर्षभर एकसारख्या गतीने चालत नाही. जानेवारीत तो घड्याळाच्या मागे पडतो, नोव्हेंबरमध्ये पुढे असतो. मुंबईने स्वतःचं 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडलं नव्हतं. ते भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायचं, म्हणजे ठाण्याच्या सूर्याशी जवळजवळ जुळणारं. ती वेळ आज चालू असती तर ॲस्ट्रोलेबवाल्याला बेरीज कमी करावी लागली असती.

वेळेबरोबर कुंडलीतलं लग्नही मिळतं, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास. जाळी जुळवलेलीच आहे, तर पूर्व क्षितिजाच्या रेषेवर क्रांतिवृत्ताचा कुठला बिंदू आलाय एवढं पाहायचं. वरच्या उदाहरणात सायन कन्येचा सातवा अंश येतो. आपल्या पंचांगाच्या निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून राशी मोजण्याच्या, हिशेबाने ते सिंह लग्न. कुंडली आणि मुहूर्तावर कोणाचा विश्वास असो वा नसो, राजदरबारांनी या यंत्रावर पैसा खर्च केला त्याचं एक मोठं कारण हेच होतं. त्रिकोणमितीची लांबलचक आकडेमोड जाळीच्या एका हलक्या ढकलीत उरकायची. दहाव्या शतकातल्या अल्-सूफीने या यंत्राचे हजार उपयोग सांगितले म्हणतात. हजार जरा जास्तच वाटतात, पण सूर्योदय, नमाजाच्या वेळा, किब्ल्याची (मक्केकडची) दिशा, इमारतीची उंची, विहिरीची खोली असं मोजत गेलं तर यादी लांबते खरी.

शहरातल्या माणसासाठी यात एक अनपेक्षित सोय आहे. ॲस्ट्रोलेबला क्षितिज दिसावं लागत नाही. यंत्र स्वतःच्या वजनाने उभं लोंबतं, त्यामुळे शून्य कुठे आणि ९० कुठे हे गुरुत्वाकर्षण ठरवतं. पुढे आलेल्या सेक्स्टंटला, म्हणजे खलाशांच्या कोन मोजायच्या यंत्राला, समुद्राची स्वच्छ क्षितिजरेषा हवी असते, ती चारी बाजूंनी टॉवर असलेल्या माणसाने कुठून आणायची? दुसरं म्हणजे, जाळीवर वीस-पंचवीसपासून पन्नासेक तारेच असतात, आणि ते सगळे ठळक. व्याध, रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, अभिजित, श्रवण. ठाण्या-नवी मुंबईच्या उजळलेल्या आकाशातून बाकी सगळं धुऊन गेल्यावर जे उरतं ते जवळपास हेच.

इतिहास मोठा आहे, पण इथे थोडक्यात. प्रक्षेपणाचं गणित दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीला ठाऊक होतं. यंत्र ग्रीक जगात आकाराला आलं आणि अरबी-फारसी जगात परिपूर्ण झालं. बनवल्याचं साल कोरलेला सर्वांत जुना शिल्लक ॲस्ट्रोलेब ९२७-२८चा आहे, नस्तुलुस नावाच्या कारागिराचा. युरोपात त्याचा बोलबाला झाला तो नंतर, अरबी ज्ञान स्पेनमार्गे तिकडे पोचल्यावर.

भारतात ज्याच्यापासून ही गोष्ट सुरू करावी तो अल्-बेरुनी ठाणेकरांना आपला वाटायला हरकत नाही. अकराव्या शतकात त्याने भारतावर जो ग्रंथ लिहिला त्यात समुद्रकाठचं 'ताना', कोकणची राजधानी, असा उल्लेख आहे. तेव्हा इथे शिलाहारांचं राज्य होतं. त्याच ग्रंथात तो सांगतो की, मी हिंदूंसाठी युक्लिड आणि टॉलेमीचे ग्रंथ श्लोकांत आणतोय आणि ॲस्ट्रोलेब कसा बनवावा याचा पाठ सांगतोय. संस्कृतात या विषयावरचा पहिला स्वतंत्र ग्रंथ मात्र बराच नंतरचा. फिरोजशाह तुघलकाच्या दरबारातले जैन आचार्य महेंद्र सूरी यांनी १३७० साली 'यंत्रराज' लिहिला. यंत्रालाही तेच नाव पडलं. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत लाहोरमध्ये अल्लाहदाद नावाच्या कारागिराच्या घराण्याने चार पिढ्या हाच धंदा केला, आणि त्यांची यंत्रं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. जयपूरच्या जंतर मंतरमध्ये सवाई जयसिंहाने बसवलेला यंत्रराज माणसाच्या उंचीहून मोठा आहे. तो अर्थातच जयपूरच्या २७ अंशांसाठी.

आता समुद्र. जहाजाची अडचण उलटी असते. जमिनीवरच्या ज्योतिषाला गाव माहीत असतं, वेळ हवी असते. भर समुद्रातल्या खलाशाला आपण कुठे आहोत तेच ठाऊक नसतं. मग गावाची तबकडी कुठली घालणार? म्हणून पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांनी यंत्रातलं सगळं कलाकुसरीचं काढून टाकलं. जाळी नाही, तबकडी नाही. राहिलं काय, तर जड पितळी कडं, अंशांच्या खुणा आणि फिरती पट्टी. वारा आरपार जावा म्हणून मध्ये मोठी भोकं, आणि डोलू नये म्हणून खालच्या बाजूला जास्त वजन.

त्याने एकच काम होतं. भर दुपारी सूर्य सर्वांत उंच असताना त्याची उंची मोजायची. २० जानेवारीला सूर्य विषुववृत्ताच्या २०.२ अंश दक्षिणेला असतो, हे छापील तक्त्यात सापडतं. त्या दुपारी सूर्याची उंची ५०.६ अंश आली तर ९० मधून ५०.६ गेले, उरले ३९.४, त्यातून २०.२ वजा केले की १९.२. म्हणजे जहाज ठाण्याच्या अक्षांशावर आहे. किनाऱ्यापासून किती लांब आहे ते मात्र यातून कळत नाही. रेखांशाचा प्रश्न अठराव्या शतकात अचूक घड्याळं जहाजावर चढली तेव्हा सुटला. शिवाय एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. हलत्या डेकवर एका अंशाची चूक सहज व्हायची, आणि तेवढ्यात ठाण्याऐवजी दिवेआगरची रेषा गाठली जायची. त्यामुळे जमीन दिसली की खलाशी आधी किनाऱ्यावर उतरून मोजायचे. वास्को द गामाच्या ताफ्यानेही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तसंच केलं.

त्याच सफरीचा एक प्रसंग मला फार आवडतो. १४९८ मध्ये आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतला जाण्यासाठी गामाने एक गुजराती वाटाड्या घेतला. पोर्तुगीज इतिहासकार बारोस लिहितो की, गामाने त्याला मोठा लाकडी ॲस्ट्रोलेब आणि धातूचे दाखवले, पण त्या माणसाला त्याचं काही नवल वाटलं नाही. तांबड्या समुद्रातले नाखवे अशी यंत्रं वापरतात हे त्याला माहीत होतं. खंबायत आणि हिंदुस्थानचे लोक ठरावीक ताऱ्यांवरून जातात, आणि त्यासाठी आमच्याकडे आमचं यंत्र आहे, असं त्याने सांगितलं. या समुद्रात चालायचं ते साधन म्हणजे लाकडाची फळी आणि गाठी मारलेली दोरी, कमाल. दोरीचं टोक दातांत धरायचं, फळीची खालची कड क्षितिजावर ठेवायची, वरच्या कडेवर ध्रुवतारा यावा. कुठल्या गाठीला तो येतो त्यावरून बंदराचा अक्षांश ओळखायचा. कोकण किनाऱ्याइतक्या अक्षांशावर ध्रुवतारा बेताच्या उंचीवर असतो, तिथे हे झकास चालतं. युरोपात तो इतका वर असतो की आखूड फळी पुरत नाही. यंत्राचं श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवताना हे विसरलं जातं.

पोर्तुगीज खलाशांच्या अशा ॲस्ट्रोलेबांपैकी एक ओमानच्या किनाऱ्याजवळ, १५०३ मध्ये बुडालेल्या एस्मेराल्दा जहाजाच्या अवशेषांत २०१४ साली सापडला. व्यास १७.५ सेंमी, वर पोर्तुगालचं राजचिन्ह. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, ठाणंही पुढे त्यांच्याच ताब्यात राहिलं, ते १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत. पण म्हणून ठाण्याच्या खाडीत कोणी ॲस्ट्रोलेब टांगून उभं राहत असेल अशी कल्पना करू नका. खाडीत दोन्ही काठ दिसत असतात. तिथे भरती-ओहोटी आणि गाळ ओळखणारा माणूस लागतो.

स्वतः करून बघायचं असेल तर महागडं काहीच लागत नाही. तबकडी जाड पुठ्ठ्यावर, जाळी ट्रान्सपरन्सी शीटवर. झेरॉक्सच्या दुकानात ती मिळते. मध्ये छोटा नट-बोल्ट. ६० अंश उंचीचं वर्तुळ आखायचं तर त्याचं केंद्र मध्यबिंदूपासून ५.१ सेंमीवर आणि त्रिज्या २.७ सेंमी, वर दिलेल्याच मापात. जाळीवरच्या ताऱ्यांच्या जागा जुन्या पुस्तकातून उचलू नका. पृथ्वीचा आस हळूहळू गिरकी घेतो, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत तारे क्रांतिवृत्ताच्या खुणांच्या तुलनेत एक अंश सरकतात. महेंद्र सूरींच्या काळापासून ते नऊ अंश सरकले आहेत. संग्रहालयातला ॲस्ट्रोलेब कितपत जुना आहे याचा अंदाज याच सरकण्यावरून बांधता येतो.

सूर्य मोजताना भोकातून सूर्याकडे कधीही पाहू नका. वरच्या भोकातून आलेला उजेडाचा ठिपका खालच्या भोकावर पडला की झालं. आणि जानेवारीत भर दुपारी वेळ काढण्याचा खटाटोप करू नका. माध्यान्हीच्या आधी-नंतरच्या वीस मिनिटांत सूर्याची उंची फक्त ०.३ अंशाने बदलते, घरगुती यंत्राला तो फरक दिसणारच नाही. सकाळी मोजा. रात्री व्याधाच्या वरच्या उदाहरणात एका अंशाची चूक म्हणजे सहा मिनिटांची चूक, पुठ्ठ्याच्या यंत्राकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नको.

तबकडी बरोबर आखली गेली की नाही हे तपासायला ठाण्यात एक चांगला दिवस मिळतो. १६ मेच्या आसपास सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं अंशांतलं अंतर, ठाण्याच्या अक्षांशाएवढी होते, आणि दुपारी १२ वाजून ३४-३५ मिनिटांनी तो बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तबकडीवर डोक्यावरचा बिंदू, म्हणजे खस्वस्तिक, मध्यबिंदूपासून ४.६ सेंमीवर यायला हवा, आणि जाळी फिरवल्यावर त्या तारखेचा सूर्य त्याच्यावरूनच जायला हवा. बाजूने गेला तर क्षितिजाचा कंस पुन्हा मोजा. असाच दिवस २७ जुलैच्या सुमाराला पुन्हा येतो, पण जुलैत ठाण्यात दुपारी सूर्य दिसेल यावर विसंबू नये. हे काम मेमध्येच उरकावं.